मोरचुदाच्या पाण्यातला थेंब

श्रोतेहो, नमस्कार.

निफाडकडच्या द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला मोरचूद काही नवा नसतो. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बोर्डो मिश्रण, वडिलांच्या पाठीवरचा पंप, त्यांच्या शर्टावरचे निळे डाग, हे माझं लहानपण. म्हणून वयाच्या ३६व्या वर्षी पंचवटीतल्या रक्तदान शिबिरात टेबलावर तसंच निळं पाणी दिसलं, तेव्हा मला आधी आमची बागच आठवली.

रक्तदानाची माझी ती पहिलीच वेळ. सुईची धास्ती मला शाळेपासूनची. आदल्या रात्री धड झोप लागली नव्हती, तरी मनाचा निश्चय करून सकाळीच रांगेत उभी राहिले. तिथल्या ताईंनी माझ्या बोटातून एक थेंब घेतला आणि त्या मोरचुदाच्या पाण्यात सोडला. थेंब जरासा खाली गेला, अडला आणि पुन्हा वर आला.

"ताई, आज नाही घेता येणार तुमचं," त्या म्हणाल्या. नंतर मशीनवर आकडा पाहिला. हिमोग्लोबिन ११.३.

खरं सांगते, मला रडू आलं. एवढं धैर्य गोळा करून आले आणि माझंच रक्त कमी पडलं. मागच्या बायका बघत होत्या. मी पर्स उचलली आणि निघून आले.

आज मी बोलते आहे ती अशा परत पाठवलेल्या बहिणींसाठी. भीती कशी घालवावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. धीर करून गेलेल्या बाईला "आज नाही" असं ऐकावं लागलं, तर तिच्याशी कोण बोलतं? ती पुन्हा त्या दारात जात नाही.

त्या पाण्याची घनता मुद्दाम १.०५३ ठेवलेली असते. रक्तात पुरेसं हिमोग्लोबिन असलं की थेंब जड असतो, तो सरळ तळाशी जातो. कमी असलं की तरंगतो. आपल्याकडे स्त्री असो वा पुरुष, रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. हा नियम देणाऱ्याच्या जिवासाठीही आहे. जिच्याकडे आधीच कमी आहे, तिच्याकडून घेऊन तिला अशक्त करायचं नाही. हे मला त्या दिवशी कोणी समजावलं असतं, तर मी पर्स उचलून तशी निघाले नसते.

डॉक्टरांनी तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणावर लगेच चहा प्यायची माझी सवय त्यांनी मोडली, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजी लोखंडी कढईत, वर लिंबू. आईनं हळिवाचे लाडू पाठवले. सहा महिने गेले. चार जिने चढताना लागणारी धाप कमी झाली, हे मला रक्तदानापेक्षाही मोठं वाटलं. ती धाप मी वर्षानुवर्षं वय झालं म्हणून सोसत होते.

दिवाळीनंतर मी स्वतःहून रक्तपेढीत गेले. पोट भरून जेवून. उपवासाच्या दिवशी कृपा करून जाऊ नका. थेंब सोडला. तो सरळ तळाला गेला. श्रोतेहो, त्या थेंबाकडे मी किती प्रेमानं पाहिलं!

मग मात्र सगळं फार साधं होतं. सुई जाताना घट्ट चिमटा बसावा तसं वाटलं, तेवढंच. हातात चेंडू दिला होता, तो दाबत राहायचं. शेजारी पिशवी हेलकावे खात भरत होती. माझं वजन ५२ किलो, म्हणून ३५० मिलीलिटर घेतलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. नंतर थोडा वेळ पडून राहिले, बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायले आणि होळकर पुलावरून गोदावरीचं पाणी बघत रमतगमत घरी आले.

त्या एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढता येतात. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात. त्या आधीपासून साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की धावपळ होते. आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांना मे महिन्याची सुट्टी नसते. कॉलेजं बंद होतात, मुलं गावी जातात, शिबिरं कमी होतात, तेव्हा त्या आईबापांना दारोदार विचारत फिरावं लागतं. मला हे सहन होत नाही.

बायकांना दोन रक्तदानांमध्ये १२० दिवस थांबावं लागतं, पुरुषांना ९०. माझे १२० दिवस येत्या आठवड्यात भरतात. या वेळी धाकटी बहीण बरोबर येते आहे. गेल्या वर्षी तिलाही परत पाठवलं होतं, आकडा ११.८ होता. काल रात्री तिचा फोन आला, "ताई, या वेळी बुडेल ना गं थेंब?"

मी तिला विचारलं, "जेवणावरचा चहा सोडलास का?"

"सोडला," ती म्हणाली.