झुबक्याने वाढणारा निवडुंग

श्रोतेहो, नमस्कार.

निवडुंगाला पाणी घालायचं नाही, एवढं एक शास्त्र सगळ्यांना पाठ असतं. त्यावर एकट्यादुकट्या कॅक्टसचं कसंबसं निभावतं. झुबक्याने वाढणाऱ्या बुटक्या कॅक्टसचं मात्र नाही. आज बोलायचंय ते अशाच एकाबद्दल, मॅमिलेरियाबद्दल. याच्या बहुतेक जाती मूळच्या मेक्सिकोतल्या. काही जन्मभर एकट्याच राहतात. पण एलोंगाटा, ग्रॅसिलिस अशा जाती सतत पिल्लं काढतात आणि कुंडी भरून टाकतात.

एलोंगाटाचा बोटाएवढा एखादा दांडा डोळ्यांजवळ धरून पाहा. त्याला उभ्या कडा नसतात. असतात बारक्या गाठी, आणि प्रत्येक गाठीच्या टोकाला काट्यांची चांदणी. गाठींच्या रांगा तिरप्या, मळसूत्रासारख्या वर चढतात. एका अंगाच्या रांगा मोजा, मग उलट अंगाच्या. बहुधा 5 आणि 8, नाहीतर 8 आणि 13 भरतील. फूल मात्र त्या चांदणीतून येत नाही. ते गाठींमधल्या बेचक्यातून येतं, आणि तेही बहुधा आदल्या हंगामातल्या वाढीवर. म्हणून तर फुलं शेंड्याभोवती कडं करून बसतात. यंदा फुलं का नाहीत, असं विचारणाऱ्यांनी आधी गेल्या वर्षी झाडाला ऊन किती मिळालं ते आठवावं.

आता पाणी. झुबक्याची दुखरी जागा म्हणजे त्याचा मध्य. तिथे वारा पोचत नाही, वरून ओतलेलं पाणी दांड्यांच्या फटींत साचतं आणि कूज आतून सुरू होते. बाहेरून सगळं छान हिरवंगार दिसत असतं! म्हणून पाणी कडेकडेने घाला, पण घाला ते खालच्या भोकातून वाहेपर्यंत. चमचाभर पाणी रोज देण्यात काही अर्थ नाही. पुढचं पाणी माती तळापर्यंत सुकल्यावरच. बारीक काडी खोल खुपसून पाहा, ओली माती चिकटून आली तर थांबा. थंडीत पाणी जवळजवळ बंदच ठेवा. ही विश्रांती मिळाली की पुढे कळ्याही चांगल्या धरतात.

कुंडी पसरट आणि उथळ हवी, कारण मुळं फार खोल जात नाहीत. खोल कुंडीत खालची माती नुसतीच ओली राहते. मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू, विटेचे बारीक तुकडे किंवा परलाइटचे हलके पांढरे खडे असू द्या. खत बेतानेच, नाहीतर दांडे पोसतात आणि मऊ पडतात. ऊन भरपूर हवं. पण घरातलं झाड एकदम कडक उन्हात ठेवलं तर भाजतं आणि तो डाग कायमचा राहतो. हळूहळू सवय करा. शेंडे बारीक, फिकट होत गेले तर ऊन कमी पडतंय असं समजा. बुंधा तपकिरी, खरखरीत झाला तर घाबरू नका, तो वयाचा भाग आहे. दाबून मऊ लागला तरच काळजी.

पिठ्या ढेकूण हा किडाही झुबक्याच्या याच मध्यभागी दडतो. काट्यांच्या पांढऱ्या लवेत त्याचा कापूस ओळखायला डोळे बारीक करावे लागतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने तो टिपून काढा, आठवड्याने पुन्हा पाहा. कुंडी बदलताना मुळांवरही नजर टाका, त्याचे भाऊबंद तिथेही सापडतात.

विकत घेताना एक खबरदारी. ऐन शेंड्यावर कोरडं, कागदासारखं फूल दिसलं तर ते बहुधा गोंदाने चिकटवलेलं असतं. वरचे खडेही कधी असेच डकवलेले असतात, ते काढल्याशिवाय पाणी धड आत जात नाही.

आणि मध्य कुजलाच, तर अख्खी कुंडी फेकू नका. कडेची निरोगी पिल्लं चिमट्याने धरून हलकेच पिळून काढा. ग्रॅसिलिसची तर नुसत्या धक्क्यानेही गळतात. जखम सावलीत चार-पाच दिवस सुकू द्या, मग कोरड्या मिश्रणावर टेकवून ठेवा. पाणी आठवडाभराने, तेही थोडंच. मुळं फुटली का, हे उपटून बघण्याचा मोह मात्र आवरा. काडीने जरा ढकलून पाहा. पिल्लू जागचं हललं नाही, की ते लागलं.

नमस्कार.