काटे चमकायचे थांबले, रेडियम नाही

जुन्या घड्याळाचं हे डायल जरा जवळून बघा. आकड्यांवर जे तपकिरी, भेगाळलेलं काहीतरी दिसतंय ना, तो एकेकाळी अंधारात हिरवा चमकणारा, रेडियम हा किरणोत्सारी धातू मिसळलेला रंग होता. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत आजोबांची अशी घड्याळं अजून कपाटात सापडतात, वेस्ट एंड म्हणा, फावर ल्युबा म्हणा, आणि आपल्याकडचा दमट पावसाळा, त्यात विश्वामित्रीला पूर आला की घरात शिरणारा ओलावा, हे तर या रंगाचे वैरीच.

काटा चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं, असं खूप जणांना वाटतं आणि धोका नेमका तिथेच आहे. चमकायचं ते रंगातलं झिंक सल्फाइड, रेडियम त्याच्यावर सतत किरणांचा मारा करायचं आणि त्या माऱ्यानेच काही वर्षांत सल्फाइडचे स्फटिक खराब झाले. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षं! म्हणजे १९४५ च्या घड्याळातलं साधारण ९६ टक्के रेडियम आजही जागेवर आहे. नंतर, साठच्या दशकात, त्याच्या जागी ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) आलं, त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे १९६५ च्या डायलवर ते आता जेमतेम तीनेक टक्के उरलं असेल. सहाच्या आकड्याखाली 'टी' छापलेला असेल तर बहुधा ट्रिटियम, घड्याळ साठच्या दशकाआधीचं असेल तर रेडियमच धरून चाला, आणि गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) मिळाला तर काचेवर धरून बघा, रेडियम असेल तर लगेच टकटक सुरू होते, ट्रिटियमचे किरण काचेतून बाहेरच येत नाहीत.

काच बंद आहे तोवर अल्फा किरण आतच अडतात. खरी भीती धुळीची, ती श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाण्याची. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात डायल रंगवणाऱ्या मुलींना ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायला शिकवलं होतं, त्यांच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या, आणि १९२८ मध्ये पाच जणींच्या खटल्यात तडजोड झाली. हे माहीत असूनही कोणी हा रंग सुईने खरवडताना दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून घड्याळजींना आधीच सांगा की हे रेडियमचं आहे, कारण मशीन उघडलं की फुंकर मारायची सवय हाताला लागलेली असते आणि इथे ती अजिबात नको. मास्क, ग्लोव्हज, जवळ चहाचा कप नको. पडलेले कण कोरडे झाडायचे नाहीत, ओल्या टिश्यूने टिपायचे. काट्याच्या खाचेतला रंग सुटत असेल तर काटा उलटा करून मागून पातळ लॅकरचा एक थेंब द्यायचा, तो आत झिरपतो, कण धरून ठेवतो आणि पुढून जुना रंग आहे तसाच दिसतो. नवा हिरवा रंग भरून घेऊ नका, जुन्या डायलची सगळी किंमत जाते आणि मला तर ते बघवतही नाही. फारच भुगा झाला असेल तर दुसरे काटे लावा, जुने झिप पाऊचमध्ये बंद करून वर 'रेडियम' लिहा, आणि अशी बरीच घड्याळं असतील तर ती झोपायच्या खोलीत ठेवू नका, रेडियममधून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो, हवा खेळती पाहिजे.