दांडा हातात, कान यंत्राकडे

श्रोतेहो, नमस्कार.

विणकाम म्हटलं की दोन लांब सुया आणि मांडीवरचा लोकरीचा गुंडा डोळ्यांपुढे येतो. आज मी बोलणार आहे ते एकाच वेळी 72 सुयांनी होणाऱ्या विणकामाबद्दल, म्हणजे मोजे विणायच्या गोल यंत्राबद्दल. टेबलाच्या कडेला शिकंजानं आवळून बसवायचं, दांडा हातानं फिरवायचा. वीज लागत नाही. घरात बसून छंद म्हणून मोजे विणणारे लोक आजही शंभर वर्षं जुनी यंत्रं तेल घालून चालवतात, आणि याच धर्तीची नवीही बनतात.

रेडिओवर यंत्र दाखवता येत नाही, म्हणून शब्दांतच ते उघडून पाहू. मधोमध एक धातूचा उभा सिलिंडर असतो, साधारण मुठीहून थोडा मोठा. त्याच्या बाहेरच्या अंगाला उभ्या खाचा असतात, कधी 60, कधी 72, कधी 80. प्रत्येक खाचेत एक सुई. ही सुई शिवणाची नव्हे, तिला भोक नसतं. वरच्या टोकाला आकडा आणि आकड्याखाली उघडझाप करणारी एक इवलीशी जिभली. बहुतेक जुन्या यंत्रांत सिलिंडर जागेवर स्थिर असतो आणि त्याच्याभोवतीचं कडं फिरतं. कड्याच्या आत तिरके चढउतार असतात, त्यांना कॅम म्हणतात. कॅम आला की सुई वर चढते, तिच्यावरचा जुना टाका घसरून जिभलीच्या खाली जातो. उघड्या आकड्यात नवा धागा पडतो. सुई खाली उतरताना तोच जुना टाका जिभली मिटवतो, तिच्यावरून निसटतो आणि नवा टाका त्यातून ओढला जातो. दांडा फिरत असताना वरून पाहिलं तर सुयांची ही चढउतार पाण्यावरच्या लाटेसारखी गोल गोल धावते.

ही जिभलीची सुई या सगळ्याचा प्राण आहे. तिचं पेटंट इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंड यांनी 1840 च्या दशकाच्या अखेरीस घेतलं. विणकामाचं यंत्र त्याहून फार जुनं. विल्यम ली यांनी ते 1589 साली बनवलं. राणी एलिझाबेथनं त्यांना पेटंट नाकारलं, हातानं विणून पोट भरणाऱ्यांचा घास जाईल म्हणून, असं सांगतात. पण ली यांचं यंत्र सपाट कापड विणायचं, त्यामुळे मोज्याला मागे शिवण यायची. गोल यंत्रानं ती शिवण घालवली. 1870 च्या दशकात हेन्री ग्रिसवोल्ड यांची यंत्रं आली आणि मोज्यांचं यंत्र घराच्या टेबलावर बसू शकेल अशा आकाराला आलं.

आता एक गैरसमज. यंत्र आहे म्हणजे दांडा फिरवला की मोजा पडला, असं लोकांना वाटतं. तसं वाटायला जुन्या जाहिरातीही कारण आहेत. 1920 च्या दशकात अमेरिकेत काही कंपन्या घरोघरी यंत्रं विकत आणि वर आश्वासन देत, की तुम्ही मोजे विणा, आम्ही ते विकत घेऊ, घरबसल्या कमवा. किती सोपं आहे हे ठसवणं हाच त्यांचा धंदा होता. प्रत्यक्षात पोटरीची सरळ नळी तेवढी सोपी. ती काही मिनिटांत उतरते. हातानं तेवढंच विणायला काही संध्याकाळी जातात. पण पाय म्हणजे काही सरळ नळी नाही. घोट्यापाशी तो काटकोनात वळतो, आणि तिथून पुढचं काम तुमच्या बोटांचं असतं.

टाच कशी होते ते ऐका, कारण मला विचाराल तर या छंदाची खरी गोडी तिथेच आहे. 72 सुयांपैकी अर्ध्या, म्हणजे 36, हातानं वर ओढून कामातून बाजूला काढायच्या. त्यांच्यावरचे टाके तसेच थांबून राहतात. उरलेल्या 36 सुयांवर दांडा पूर्ण न फिरवता पुढे-मागे हलवायचा. प्रत्येक वेळी दिशा बदलण्यापूर्वी धागा ज्या बाजूला आहे, त्या बाजूची एक सुई वर काढायची. असं करत मधे 12 सुया उरेपर्यंत यायचं. मग उलटा प्रवास, एकेक सुई पुन्हा खाली, पुन्हा 36 होईपर्यंत. या सपाट पट्टीला मधेच खोलगट वाटी येते, तीच टाच. हे चालू असताना दिशा बदलली की धागा सैल पडतो, तो वर ताणून धरायला एक स्प्रिंग असते. विणलेली नळी खाली ओढून धरायला तिला वजन लटकवलेलं असतं, तेही टाचेकडे पुन्हा पुन्हा सरकवावं लागतं. वजन मागे राहिलं तर टाके सुयांवरून वर उठतात आणि मग गुंता सोडवत बसावं लागतं. बोटांकडचं टोकही याच रीतीनं होतं.

टोक मात्र यंत्रावर बंद होत नाही. तिथले टाके जाड सुईनं, विणीसारखीच वीण घालत, हातानं जोडायचे. या सांध्याला किचनरचं नाव आहे, ब्रिटनचे पहिल्या महायुद्धाच्या काळातले युद्धमंत्री. खंदकांत ओल्या पायांनी उभं राहून सैनिकांचे पाय सडत, कोरडे मोजे वरचेवर बदलणं हा उपाय होता, आणि जाड शिवण बोटांना घासली तर चालणं मुश्कील. त्या युद्धात रेडक्रॉसच्या स्वयंसेवकांनी अशाच यंत्रांवर मोजे विणले.

हातानं विणणाऱ्या मंडळींचा एक आक्षेप असतो: यात विणल्याचं समाधान कुठलं? मला तो पटत नाही. पोटरीच्या साठ-सत्तर एकसारख्या फेऱ्या यंत्र उरकतं आणि डोकं लागणारं सगळं तुमच्याकडेच ठेवतं. हा छंद विसाव्याचा मात्र नाही. दूरदर्शनवरची मालिका बघता बघता होणारं हे काम नव्हे, कारण लक्ष सुयांवर हवं आणि कान यंत्राकडे हवेत.

कानाचं का म्हणतोय, तर सगळं ठीक चाललेलं असताना यंत्राचा एक ठरलेला, सुटसुटीत आवाज येतो. एखाद्या सुईची जिभली मिटलेली राहिली की तिच्या आकड्यात धागा जात नाही आणि टाका सुटतो. धागा कुठे अडकला की टाके घट्ट होतात आणि दांडा जड लागतो. हाताला आणि कानाला हा फरक डोळ्यांच्या आधी कळतो. तिथेच थांबायचं, जोर करून दांडा रेटला की सुई वाकते किंवा तुटते. सुटलेला टाका लगेच दिसला तर आकड्यानं उचलून सुईवर घालता येतो. चार फेऱ्या पुढे गेल्यावर त्याची शिडी झालेली असते.

निम्म्याहून अधिक रडगाणी यंत्राची नसून धाग्याची असतात. लडीवरून थेट विणायला घेऊ नका. आधी ती गुंडाळून घ्या, धागा मधून किंवा वरून अलगद सुटला पाहिजे. गाठी आधीच शोधा. धाग्यावर मेणाचा हात फिरवला तर तो आणखी बिनबोभाट सरकतो. मोज्यांसाठी 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन असं मिश्रण बरं, नायलॉनमुळे टाच लवकर विरत नाही. अशा 100 ग्रॅममध्ये साधारण 400 मीटर धागा येतो, मोठ्या माणसाच्या एका जोडाला पुरतो. सुती धाग्याला ताण सोसत नाही, त्याच्याकडे नंतर वळा.

नवशिक्यानं पहिल्यांदा मोजा विणूच नये. उठून दिसेल अशा रंगाच्या टाकाऊ धाग्याची नुसती नळी विणावी. मुद्दाम टाके सोडावेत, उचलावेत. त्याच नळीवर एकामागून एक टाचा काढाव्यात. वरच्या काठासाठी सिलिंडरवर बसणारी, आडव्या सुयांची एक चकती मिळते. ती उलट टाके घालते आणि खरी रिब, म्हणजे काठाची उभ्या रेघांची लवचीक वीण, उतरते. पण ती सिलिंडरशी नेमकी जुळवावी लागते, म्हणून सुरुवातीला तिला पेटीतच राहू द्या. दर चौथी सुई काढून विणलं आणि काठ दुमडला, तर दिसायला रिबसारखीच पट्टी तयार होते. जुनं यंत्र घेत असाल तर दांडा फिरतो का एवढंच पाहून भागत नाही. सिलिंडर, सुया आणि चकती एकमेकांच्या जोडीच्या आहेत का, हे बघा.

यंत्रावरून उतरलेला मोजा लांबुडका आणि अरुंद दिसतो, वजनानं ताणलेला असतो म्हणून. घाबरू नका, आणि लगेच मापही घेऊ नका. रात्रभर पडू द्या, धुऊन वाळवा, मग पायात घालून पाहा. माप बरोबर निघालं तर काठाच्या, पोटरीच्या आणि तळव्याच्या फेऱ्या किती घातल्या, ते कागदावर लिहून यंत्राला चिकटवून ठेवा. दुसरा मोजा अजून विणायचाय.

नमस्कार.