जिना उतरलं की बॉम्बर

मंडळी, विमानातला जिना म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ आठवतं. १९७१ साली आलेलं ते जम्बो जेट. त्यातला गोल जिना वर जायचा. आज ज्या विमानाबद्दल बोलायचंय, त्यातला जिना खाली उतरायचा. बोइंग ३७७, म्हणजे स्ट्रॅटोक्रूझर. वर प्रवासी, रात्री रेल्वेसारखे बर्थ. आणि खाली चौदा जणांची बैठक, शेजारी बार.

या विमानाचे जुने फोटो पाहिले तर त्यात तो बार हमखास असतो. पण बार होता कुठे, ते बघा. विमान आडवं कापलं तर आठाचा इंग्रजी आकडा दिसेल, वरचा फुगा मोठा आणि खालचा लहान. हा खालचा फुगा म्हणजे बी-२९ या बॉम्बर विमानाच्या अंगाचंच माप. हिरोशिमावर बॉम्ब टाकला तो बी-२९ नेच. युद्ध संपलं, आणि त्याच मापाच्या पोटात लोक पाय पसरून मद्य घेऊ लागले. १९४५ च्या नोव्हेंबरात पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीने वीस विमानांची मागणी नोंदवली, ८ जुलै १९४७ ला पहिलं उड्डाण झालं, आणि एप्रिल १९४९ पासून सॅन फ्रान्सिस्को-होनोलुलू सेवा सुरू झाली. एकूण बनली फक्त ५६.

वर इतका थाट, पण सगळा भार इंजिनांवर. प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प मेजर : सात-सात सिलिंडरच्या चार रांगा, एकामागे एक, किंचित पीळ दिलेल्या, म्हणजे मागच्यांनाही वारा लागावा. अमेरिकन लोक त्याला मक्याचं कणीसच म्हणायचे. एका इंजिनात २८ सिलिंडर, प्रत्येकात दोन स्पार्क प्लग. चार इंजिनांचे मिळून २२४ प्लग! आपली स्कूटर एका प्लगवर रुसते, हे लक्षात घ्या. कुठला प्लग चुकतोय ते पाहायला फ्लाइट इंजिनिअरपुढे एक छोटा पडदा असायचा. त्यात भर प्रोपेलरची. पोकळ पोलादी पाती काही वेळा तुटायची, आणि तुटलेल्या पात्याच्या हादऱ्याने अख्खं इंजिन पंखावरून निखळू शकायचं.

ऑक्टोबर १९५६. होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान मध्यरात्रीनंतर पॅसिफिकच्या मधोमध होतं. एक नंबरच्या इंजिनाचा प्रोपेलर बेफाम फिरू लागला. पाती वाऱ्याला समांतर वळवून तो थांबवायचा असतो, ती वळेनात. मग चार नंबरचं इंजिनही गेलं. बेफाम प्रोपेलरची ओढ इतकी, की इंधन ना पुढे पुरणार, ना मागे. खाली अमेरिकन कोस्ट गार्डचं पॉन्चरट्रेन जहाज तैनात होतं. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी घाई केली नाही. उजाडेपर्यंत जहाजावर घिरट्या घातल्या, इंधन जाळून विमान हलकं केलं. आधीच्या वर्षी असंच एक विमान पाण्यावर उतरताना त्याची शेपूट तुटली होती, म्हणून मागच्या प्रवाशांना पुढे बसवलं. जहाजाने समुद्रावर फेसाचा पट्टा आखून दिला. सकाळी विमान पाण्याला टेकलं आणि शेपूट तुटलीच! आतले ३१ च्या ३१ जण वाचले. मला या विमानाचं सगळ्यात मोठं कौतुक त्या सकाळचं वाटतं, बारचं नाही. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. पुढच्याच वर्षी याच दोन शहरांमध्ये एक स्ट्रॅटोक्रूझर ४४ जणांसह समुद्रात कोसळलं.

१९५८ साली बोइंगचंच ७०७ जेट आलं आणि स्ट्रॅटोक्रूझरचा बाजार उठला. उरलेली मिळाली भंगाराच्या भावात. जॅक कॉनरॉय नावाच्या वैमानिकाने त्यातल्या एकाचं अंग वरून फुगवलं. नाव पडलं ‘प्रेग्नंट गप्पी’, म्हणजे गाभण मासळी. १९६२ मध्ये ते उडालं आणि नासासाठी रॉकेटचे भाग वाहू लागलं. याच विमानाच्या पुढच्या आवृत्त्या, सुपर गप्पी, बोइंगच्या युरोपातल्या प्रतिस्पर्धी एअरबसने घेतल्या, स्वतःच्या विमानांचे सुटे भाग एका कारखान्यातून दुसऱ्यात न्यायला. तेव्हा लोक गमतीने म्हणायचे, प्रत्येक एअरबस बोइंगच्या पंखांवर बसून घरी येते.