तीन मीटर रुंद, अडीच मीटर खोल

श्रोतेहो, नमस्कार.

जपानमधल्या खाण्याचा विषय निघाला की गप्पा टोकियो-ओसाकापाशीच रेंगाळतात. आज आपण आणखी पश्चिमेला, क्यूशू बेटावरच्या फुकुओकाला जाऊ. सोळा लाखांच्या आसपास वस्तीचं हे शहर. बुलेट ट्रेन, भुयारी रेल्वे, उंच इमारती, सगळं काही आहे. आणि याच शहरात रोज संध्याकाळी शंभराच्या आसपास छोटी हॉटेलं फुटपाथवर उभी राहतात आणि उजाडायच्या आत नाहीशी होतात. या फिरत्या हॉटेलांना म्हणतात यताई.

दुपारी तुम्ही तेनजिन भागातून चाललात तर तुम्हाला बँका, ऑफिसं आणि मोठी दुकानं दिसतील. यताईचा मागमूसही नसतो. पाच वाजून गेले की दुमडलेल्या लाकडी गाड्या ओढत आणल्या जातात. गाडी तळावरून जागेवर आणून पोचवणं हा काही माणसांचा स्वतंत्र धंदाच आहे. मग बाजूच्या फळ्या उलगडतात, छप्पर चढतं, गॅस जोडला जातो, बाकं लागतात, पुढे कापडी पडदा लटकतो. थोड्याच वेळात तिथे रस्सा उकळायला लागतो.

या गाडीचं माप नगरपालिकेच्या नियमात ठरलेलं आहे: तीन मीटर रुंद, अडीच मीटर खोल. तेवढ्यात मधोमध स्वयंपाक करणारा, त्याच्या भोवती फळी आणि फळीला खेटून आठ-दहा माणसं. तुमचा खांदा शेजाऱ्याच्या खांद्याला लागतो. कुणाला आत यायचं असेल तर सगळी रांग सरकते. मालकाने तव्यावर काय टाकलंय ते सगळ्यांना दिसतं, आणि शेजाऱ्याच्या बशीतलं बघून ‘हे काय आहे?’ असं विचारणं अगदी स्वाभाविक होऊन जातं. एरवी जपानमध्ये अनोळखी माणसाशी कुणी सहसा बोलत नाही. आगगाडीत तर शांतताच असते. यताईवर मात्र ऑफिसातून सुटलेला साहेब, कॉलेजातली मुलं आणि कोरियाहून आलेले प्रवासी एका फळीवर कोपर टेकून बोलत बसतात. माझ्या मते याचं सगळं श्रेय त्या अडीच मीटरला आहे. जागा मोठी असती तर प्रत्येकाने आपापलं टेबल धरलं असतं.

आता खायचं काय? पहिलं नाव हाकाता रामेनचं. हाकाता हा फुकुओकाचाच जुना, बंदराकडचा भाग. डुकराची हाडं तासन्‌तास कढवून केलेला दुधासारखा पांढरा रस्सा आणि त्यात बारीक, सरळ नूडल्स. असा रस्सा आधी जवळच्याच कुरुमे गावात रूढ झाला, आणि तोही यताईवरच. नूडल्स इतक्या बारीक का, याचं उत्तर शहरातल्याच नागाहामा भागाच्या मासळी बाजारात सापडतं. लिलावाच्या गडबडीतल्या माणसांना थांबायला वेळ नसायचा, म्हणून पटकन शिजणाऱ्या नूडल्स हव्यात. पण बारीक नूडल्स रश्श्यात लगेच मऊ पडतात, त्यामुळे एका वाडग्यात थोड्याच द्यायच्या. भूक उरली तर रस्सा तसाच ठेवायचा आणि नुसत्या नूडल्सची दुसरी घडी मागायची. तिला ‘काएदामा’ म्हणतात. म्हणून पहिल्या वाडग्यातला रस्सा पिऊन संपवू नका, दुसऱ्या घडीसाठी राखून ठेवा. नूडल्स किती कडक हव्या तेही सांगायची पद्धत आहे: कडक हव्या तर ‘काता’, त्याहून कडक ‘बारीकाता’, मऊ हव्या तर ‘यावा’.

तेनजिनमधल्या कोकिन-चान नावाच्या यताईने याच नूडल्स तव्यावर परतून भाजलेलं रामेन काढलं. आज तो पदार्थ शहराची ओळख झाला आहे. याशिवाय एका घासात संपतील अशा छोट्या ग्योझा, म्हणजे सारण भरून भाजलेल्या करंज्या, रश्श्यात मुरलेल्या मुळ्याचे आणि अंड्यांचे ओदेन, काडीला लावून भाजलेलं डुकराच्या पोटाचं मांस. आणि माझ्या विशेष आवडीचा पदार्थ म्हणजे मेंताइको घातलेली अंड्याची गुंडाळी. मेंताइको म्हणजे मिरचीत मुरवलेली पोलॉक माशाची गाभोळी. कोकणात गाभोळी तळून खाणाऱ्यांना हिची चव लगेच कळेल. वरून पिवळं मऊ अंडं, आत लालसर, खारट, तिखट दाणे.

या मेंताइकोच्या मागे शहराचा सगळा इतिहास आहे. १९ जून १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी फुकुओकावर बॉम्ब टाकले आणि शहराचा मध्यभाग जळून गेला. दोन महिन्यांत युद्ध संपलं. मग कोरिया, मांचुरिया, चीनमधून परतणाऱ्या जपानी लोकांची जहाजं हाकाता बंदराला लागू लागली. तेरा लाखांहून जास्त माणसं या एका बंदरातून मायदेशी आली. घर नाही, नोकरी नाही. ज्याच्याकडे एक गाडी, एक शेगडी आणि एक पातेलं होतं त्याने रस्त्यावर धंदा मांडला. आजची यताई त्या दिवसांतून वर आली. कोरियातल्या बुसानमध्ये वाढलेले तोशिओ कावाहारा हे असेच परतलेले गृहस्थ. त्यांनी नाकासू भागात दुकान थाटलं आणि बुसानला खाल्लेली तिखट गाभोळी जपानी जिभेला रुचेल अशी करून १९४९ साली विकायला सुरुवात केली. कृतीचा हक्क त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला नाही, विचारायला येईल त्याला शिकवली. म्हणून आज शहरात मेंताइको करणारी इतकी दुकानं आहेत.

एके काळी फुकुओकात चारशेहून अधिक यताई होत्या. पुढे तक्रारी वाढल्या: फुटपाथ अडतो, सांडपाणी गटारात ओततात, वास येतो, रात्री गोंगाट होतो, परक्या माणसाकडून जास्त पैसे घेतात. तक्रारी खोट्या नव्हत्या. १९९० च्या दशकात पोलिसांनी नव्या गाड्यांना विरोध केला आणि २००० साली नगरपालिकेने नियम केला की परवाना फक्त मालकाच्या नवऱ्याला, बायकोला किंवा मुलांनाच देता येईल. वरवर हा मवाळ नियम वाटतो. पण मुलांनी दुसरी नोकरी धरली की गाडी कायमची बंद. कुणालाही न हाकलता यताई एकेक करून संपवण्याची ही व्यवस्था होती, आणि संख्या खरोखरच घसरत गेली.

इथे फुकुओकाने जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. २०१३ साली शहराने यताईसाठी स्वतंत्र कायदाच केला. यताई शहराला हव्या आहेत असं आधी मान्य केलं आणि मग कडक अटी घातल्या. ज्याच्या नावावर परवाना, त्याने स्वतः गाडीवर उभं राहायचं. परवाना भाड्याने द्यायचा नाही. दरपत्रक सगळ्यांना दिसेल असं लावायचं. कच्चं काही वाढायचं नाही, म्हणून समुद्राकाठच्या शहरात असूनही यताईवर साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, मिळत नाहीत. वेळ संध्याकाळी पाच ते पहाटे चार, आणि उठताना जागा धुऊन स्वच्छ करायची.

त्यानंतर आणखी मोठं पाऊल उचललं. रिकाम्या जागांसाठी जाहीर अर्ज मागवले. ज्यांच्या घराण्यात कधी यताई नव्हती अशी माणसंही अर्ज करू लागली आणि २०१७ पासून त्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यामुळे आज तुम्हाला रामेनच्या शेजारी एका फ्रेंच माणसाची गाडी दिसेल, तिथे फ्रेंच पदार्थ मिळतात. कॉकटेल करून देणारी गाडीही आहे. काही जुन्या गिऱ्हाइकांना हे रुचत नाही, त्यांना यताई म्हणजे रामेन आणि ओदेनच हवं. मला ते पटत नाही. १९४५ नंतर ज्यांनी गाड्या लावल्या तेही परवा-परवा आलेले नवखेच होते. त्यांच्या हाताला जे येत होतं ते त्यांनी विकलं. नवख्याला जागा मिळाली म्हणूनच यताई जन्मल्या आणि त्याच वाटेने त्या टिकल्या. ज्या नागाहामाने काएदामा दिला, तिथल्या यताई मध्यंतरी जवळजवळ संपल्या होत्या. २०२३ साली नव्या परवान्यांमुळे तिथे पुन्हा दिवे लागले. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जगात पाहण्यासारख्या जागांच्या यादीत फुकुओकाला घातलं, ते यताईंमुळे.

श्रोत्यांपैकी कुणी कामानिमित्त किंवा सहलीला जपानला जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं बोलतो. यताई मुख्यतः तीन ठिकाणी मिळतात: तेनजिन, नागाहामा आणि नदीकाठचं नाकासू. नाकासूला पाण्यात दिव्यांचं प्रतिबिंब पडतं, फोटो सुंदर येतात, म्हणून गर्दीही तिथेच जास्त. शांतपणे खायचं असेल तर तेनजिन बरं. दोघं-तिघंच जा, सहा-सात जणांना एकत्र जागा मिळणं अवघड. प्रत्येकाने निदान एक तरी पदार्थ मागवायचा आणि बाहेर कुणी उभं असेल तर खाऊन झाल्यावर उठायचं. आठ जागांवर ज्याचं पोट चालतं त्याच्यासाठी एकेक जागा मोलाची असते. गाडीवर संडास नसतो, तेव्हा आधीच जाऊन या. रोख येन जवळ ठेवा. जोराचा पाऊस किंवा वादळ असेल तर बऱ्याच गाड्या लागतच नाहीत, म्हणून एकच संध्याकाळ हाताशी ठेवून जाऊ नका.

शाकाहारी मंडळींना मात्र स्पष्ट सांगायला हवं. रामेनचा रस्सा डुकराच्या हाडांचा असतो आणि ओदेनमधला मुळासुद्धा मासळीच्या पाण्यात शिजलेला असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. तुम्ही जेवून जा आणि काय चालेल ते मालकाला विचारा. एखाद्या गाडीवर भाजलेली भाजी किंवा मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा मिळू शकतात. त्या मागवा, सोबत काहीतरी प्यायला घ्या आणि बाकावर बसून शेजाऱ्याशी बोला. ‘इंदो कारा किमाशिता’, म्हणजे ‘भारतातून आलो’, एवढं एक वाक्य पाठ करून गेलात तरी गप्पा सुरू होतील.

नमस्कार.