लट्रेल सॉल्टर: स्तोत्रांच्या समासातले शेत

नमस्कार. पडद्यावर जे पान दिसत आहे ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील लट्रेल सॉल्टर या हस्तलिखिताचे १७० क्रमांकाचे पान आहे. वर लॅटिन स्तोत्राच्या ठसठशीत काळ्या ओळी आहेत आणि त्यांच्या खाली, समासात, चार बैल नांगर ओढत आहेत. एकाने नांगर धरला आहे, दुसरा लांब चाबूक उगारून बैल हाकतो आहे. प्रार्थनेच्या ग्रंथात ही नांगरणी कशासाठी काढली असेल, हे आज समजून घेऊ.

सॉल्टर म्हणजे स्तोत्रांचा ग्रंथ. मराठी बायबलात ‘स्तोत्रसंहिता’ या नावाने जी १५० स्तोत्रे आहेत, तीच ही. मात्र लॅटिन परंपरेत नववे आणि दहावे स्तोत्र एकच धरल्यामुळे पुढचे बहुतेक क्रमांक एकाने मागे राहतात. म्हणून मी १०९ वे म्हणेन ते स्तोत्र तुम्ही मराठी बायबलात ११० वे म्हणून शोधावे. मठांमध्ये ही सर्व स्तोत्रे आठवडाभरात म्हणून पूर्ण होत, आणि ऐपत असलेले गृहस्थही स्वतःच्या प्रार्थनेसाठी असा ग्रंथ लिहवून घेत.

सजावटीकडे पाहताना आधी आद्याक्षरे पाहावीत. पानांवर क्रमांक घालण्याची रीत रुळलेली नसताना वाचकाला हवे ते स्तोत्र सापडायचे ते या अक्षरांमुळे. १, २६, ३८, ५२, ६८, ८० आणि ९७ या स्तोत्रांपासून आठवड्याच्या एकेका दिवसाची पहाटेची उपासना सुरू होई आणि १०९ व्यापासून रविवारची सायंप्रार्थना. त्यामुळे या आठ ठिकाणी अक्षर सर्वांत मोठे, सोनेरी आणि आत चित्र असलेले असे. इतर स्तोत्रांना मध्यम अक्षर आणि प्रत्येक चरणाला लहान, अशी ती उतरंड असे. आत कोणते चित्र काढायचे तेही बहुधा स्तोत्राच्या पहिल्या शब्दांवरून ठरे. ‘जिभेने पाप करू नये’ असे म्हणणाऱ्या ३८ व्या स्तोत्राला स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवणारा दावीद राजा (परंपरेने हाच स्तोत्रांचा कर्ता मानला जातो), तर ‘पाणी गळ्याशी आले आहे’ असे म्हणणाऱ्या ६८ व्याला पाण्यात उभा असलेला दावीद अनेक सॉल्टरांमध्ये आढळतो.

यामागची मेहनत मोठी होती. कातडी चुन्याच्या पाण्यात भिजवायची, चौकटीवर ताणायची आणि खरवडून तिचे चर्मपत्र करायचे. शाईसाठी ओकची मायफळे आणि हिराकस लागे. मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतात त्याच प्रकारचे. लेखकाने मजकूर पूर्ण केला की चित्रकाराचे काम सुरू होई, आणि त्यातही सोने आधी, रंग नंतर, कारण वर्ख ओल्या रंगाला चिकटतो आणि घोटाईने रंग खराब होतो. अक्षराच्या जागी जिप्सम, सरस आणि किंचित साखर किंवा मध यांचा उंचवटा घालून, त्यावर तोंडाची वाफ सोडून तो चिकट करायचा, वर्ख बसवायचा आणि गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने घोटायचा. उंचवट्यामुळेच पान हलले की सोन्यावरचा उजेड हलतो. छायाचित्रात ते कळत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

आता ग्रंथाच्या मालकाकडे येऊ. १०८ वे स्तोत्र संपते तिथे, २०२ व्या पानाच्या मागच्या बाजूला, घोड्यावर बसलेला एक सरदार आहे. त्याची पत्नी ॲग्नेस आणि सून बिॲट्रिस त्याला शिरस्त्राण आणि ढाल देत आहेत, आणि निळ्यावर रुपेरी पक्ष्यांचे घराण्याचे चिन्ह वस्त्रांवर, ढालीवर, घोड्याच्या झुलीवर, जागा मिळेल तिथे उमटले आहे. वर लॅटिनमध्ये लिहिले आहे: ‘महाशय जेफ्री लट्रेल यांनी मला करविले.’ श्रवणबेळगोळच्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ची आठवण मराठी वाचकाला होणारच, फरक इतकाच की इथे ग्रंथ स्वतःच बोलतो. लट्रेल हे लिंकनशरमधील अर्नम गावचे जमीनदार. त्यांचा जन्म १२७६ चा आणि मृत्यू १३४५ चा. हा ग्रंथ साधारण १३२० ते १३४० या काळातला.

म्हणजे समासातली शेती त्यांच्या जमिनीची शेती आहे. नांगरणीनंतर पान उलटले की पेरणी येते, आणि बियाण्याच्या पोत्यावर कावळा बसलेला दिसतो. पुढच्या पानावर घोडा ढेकळे फोडणारे अवजार ओढतो आहे आणि मागून एक माणूस गोफणीने कावळे हाकतो आहे. मग कापणी येते. ही चित्रे त्या काळच्या शेतीचे हुबेहूब दर्शन म्हणून नेहमी छापली जातात, पण मला तसे मानणे धोक्याचे वाटते. १३१५ ते १३१७ या वर्षांत उत्तर युरोपात भीषण दुष्काळ पडला होता, आणि लगेच, १३१९ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये गुरांच्या साथीने असंख्य बैल मेले. त्यानंतर काही वर्षांतच काढलेल्या या चित्रांत बैल धडधाकट आहेत, शेतकऱ्यांचे कपडे रंगीत आणि नीटनेटके आहेत, पेंढ्यांनी गाडी भरली आहे आणि २०८ व्या पानावर लट्रेल कुटुंब डॉमिनिकन या ख्रिस्ती संघाच्या दोन साधूंसह जेवायला बसले आहे. धन्याला आपले शेत देवापुढे जसे असावेसे वाटत होते, तसे ते इथे काढले आहे.

१९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने (त्याचेच ग्रंथालय पुढे ब्रिटिश लायब्ररीत गेले) हा ग्रंथ ३१,५०० पौंडांना घेतला, तोही अमेरिकन धनिक जे. पी. मॉर्गन यांनी बिनव्याजी कर्ज दिले म्हणून.

शेवटी पुन्हा कापणीचे पान पाहू. दोन बायका वाकून कापत आहेत. तिसरीने विळा खांद्यावर टाकला आहे आणि एक हात मागे कमरेवर ठेवून ती पाठ सरळ करते आहे. या स्तोत्राला किंवा लट्रेलांच्या प्रतिष्ठेला तिच्या दुखऱ्या पाठीची गरज नव्हती. चित्रकाराने ती शेतात पाहिली होती, म्हणून ती इथे आहे.