रंगपेटी उलटी करून बघा

मित्रहो, रंगपेटी घेताना आपण झाकणावरचं चित्र बघतो. आज मी तुम्हाला ती उलटी करायला सांगणार आहे.

मागे बारीक अक्षरांत ‘एएसटीएम डी-४२३६’ असं छापलेलं दिसतं. हा कलासाहित्याच्या लेबलासाठीच्या अमेरिकी मानकाचा क्रमांक. बरेच जण ते वाचून निर्धास्त होतात. पण त्याचा अर्थ एवढाच, की तज्ज्ञांनी घटक तपासले आणि दीर्घकाळच्या वापराने अपाय होण्यासारखा असेल तर तसा इशारा लेबलवर दिला. म्हणजे हा क्रमांक आणि धोक्याचा इशारा एकाच बाटलीवर सुखाने नांदू शकतात! लहान मुलांसाठी ‘एपी’ (अप्रूव्ह्ड प्रॉडक्ट, म्हणजे बिनविषारी) शिक्का शोधा. ‘सीएल’ (कॉशनरी लेबलिंग, म्हणजे सावधगिरीचा इशारा) शिक्का असलेलं सामान सहावीपर्यंतच्या वर्गात आणूच नका.

आणि रंगाचं नावही वाचा. क्रोम यलो म्हणजे शिशाचं क्रोमेट. लहान मूल पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि मूल ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करतंच. कितीही सांगा, करतंच. म्हणून असे रंग मुलांच्या हाती नकोतच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भुकटीची. कोरडा रंग कालवताना, वाळलेली माती घासताना जी धूळ उडते ती डोळ्यांना धड दिसतही नाही. मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. तेव्हा माती भिजवलेली घ्या, रंग कालवलेला घ्या. तास संपल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. उग्र वासाच्या मार्करऐवजी पाण्याचे मार्कर आणा. स्प्रेचा गोंद वर्गात नको.

आता उरलेल्या रंगाचं काय? ब्रश थेट नळाखाली धरायची सवय आधी मोडायला हवी. ॲक्रिलिक हे प्लास्टिकच आहे, ते गटारात कशाला सोडायचं? आधी ब्रश चिंधीला नीट पुसा, मग एका डब्यात धुवा आणि दुसऱ्यात खळबळा. पहिल्या डब्यातला गाळ रात्रभर बसू द्या, वरचं पाणी अलगद ओता, गाळ वाळवून कचऱ्यात टाका. मातीच्या हातांचंही तेच, नाहीतर पाइप तुंबतो. टर्पेंटाइन मात्र नाल्यात नाही आणि साध्या कचऱ्यातही नाही. ते झाकणाच्या डब्यात, लेबल लावून, घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचं.

मोठ्या मुलांना तैलरंग शिकवणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या वाळताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि तापतात. बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर काडी न लावताही पेटतात. त्यांच्यासाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, त्यात पाणी घाला, आणि वर्गाला कुलूप लावण्याआधी चिंध्या त्यात पूर्ण बुडाल्यात ना, ते स्वतः बघा.